रद्द नव्हे, अवैध

गुरुवार, ६ नोव्हेंबर २००३, हेल्मनो

आज माझ्याकडे खरंखुरं काम आलं. सहा वर्षं झाली मला शपथबद्ध अनुवादिका म्हणून न्यायालयाचा शिक्का मिळून, पण आत्तापर्यंत त्या शिक्क्याखाली गेले ते जन्माचे दाखले, आयर्लंडला निघालेल्या नर्सेसची प्रमाणपत्रं आणि एकदा कॅनडातल्या कुणाच्या तरी मामाचं मृत्युपत्र. आज एकसष्ट पानांची फाइल आली आणि सगळी कायद्याची.

घेऊन आल्या लेओकादियाबाई. नदीकाठच्या रस्त्यावर मोहरीचा सॉस आणि खिसलेला तिखट मुळा बरण्यांत भरणारी सहकारी संस्था आहे ना, ‘पाकोळी’, तिच्या त्या अध्यक्ष. रबरी बूट घालूनच आल्या. त्यांच्या कोटाला मुळ्याचा असा वास होता की मी दार उघडलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“रडू नका, अजून काही सांगितलंच नाहीये मी,” त्या म्हणाल्या.

मग स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. १९९२ मध्ये संस्थेचा मॅनेजर होता राय्मुंद नावाचा. त्याने बरणीवरची पाकोळी, नाव आणि चित्र दोन्ही, गुपचूप स्वतःच्या नावावर नोंदवून घेतली. पुढे नोकरी सोडली आणि १९९७ मध्ये ती लंडनमधल्या एका दुकानदाराला विकून टाकली. तो तिकडच्या पोलिश लोकांना भलत्याच कुणाचा सॉस ‘पाकोळी’ म्हणून विकतो. गेल्या वर्षी वॉर्साच्या पेटंट कार्यालयाने राय्मुंदची नोंदणी मोडीत काढली. पण लंडनला पाकोळी अजून त्या दुकानदाराच्याच नावावर आहे, आणि ती नोंदणी मोडावी म्हणून संस्थेने तिथे अर्ज केलाय.

“पुढच्या वर्षी आपला देश युरोपीय संघात जाणार. माल पाठवला तर आमचाच माल तिकडे नकली ठरेल. त्रेचाळीस बायका आहेत, बाई. त्यांना काय सांगू? वॉर्साचा निकाल लंडनवाल्यांना इंग्रजीत पाहिजे, शिक्क्यासकट.”

मी विचारलं, “माझ्याकडेच का आलात?”

“गावात इंग्रजीचा शिक्का तुमच्या एकटीकडे. आणि माझी मुलगी तुमच्याकडे रशियन शिकायला होती. तुम्ही तिला एका प्रत्ययावरून नापास केलं होतं. तेव्हाच म्हटलं, ही बाई काटेकोर आहे.”

हो म्हणून बसले. आता भीती वाटतेय, पण आनंदही झालाय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

संस्थेचे पेटंट-वकील तोरुनहून येऊन गेले. क्सावेरी दोमागावा. सहासष्टीचे असतील. उंच, कोट घोट्यापर्यंत, बायको जाऊन बरीच वर्षं झाली असं लेओकादियाबाई म्हणाल्या होत्या. फाइल समजावून द्यायला आले होते. मुद्दाम तासभर बस करून आलात, असं मी म्हटलं तर म्हणाले, “छे, मला इथल्या दंतवैद्याकडे यायचंच होतं. तोरुनला चांगले दंतवैद्य राहिले नाहीत.”

सोबत एक लाकडी खोका आणला होता. तीस वर्षांत जमवलेली कार्डं. एकेका पोलिश शब्दाला एक कार्ड, खाली इंग्रजी आणि बारीक अक्षरात टिपा.

“शब्दाचा अर्थ नंतर बघा, रेगिनाबाई. आधी विचारा, हा शब्द लागला तर कुणाचं काय जातं.”

त्यांचा सूर मला जरा शिकवणीचा वाटला. खोका ठेवून घ्या म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडे शब्दकोश आहेत, दोन खंडांचा आहे.  त्यांनी खोका उचलला आणि बस पकडायला गेले. नंतर वाटलं, घेतला असता तर काय बिघडलं असतं?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

चौतिसाव्या पानापर्यंत आले. वाटलं होतं त्यापेक्षा मजेदार आहे हे. आमच्याकडे ‘दुर्हेतू’ला कायद्यात शब्द आहे ‘वाईट श्रद्धा’. इंग्रजीतही तसाच शब्द आहे, त्यामुळे अडचण आली नाही. लेओकादियाबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, “राय्मुंदची वाईट श्रद्धा? त्या माणसाला कसलीच श्रद्धा नव्हती, नाताळला सुद्धा चर्चच्या दारातूनच परत जायचा.”

अडतिसाव्या पानावर मात्र अडले. निकालाचं मुख्य वाक्य. राय्मुंदचा हक्क कार्यालयाने... काय केला? आमचा शब्द रोजचाच आहे. हरवलेल्या ओळखपत्राची पेपरात जाहिरात देतात तेव्हा हाच शब्द वापरतात. शब्दकोशात पहिला अर्थ ‘कॅन्सल’. मी तो लिहिला आणि समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. का कुणास ठाऊक, तो नीट बसत नव्हता.

तोरुनला फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. फोनपर्यंत गेलेही. पण एवढ्या तोऱ्यात खोका परत केला आणि आता पहिल्याच अवघड शब्दाला फोन करायचा? त्यांना वाटेल, शेवटी रशियनचीच मास्तरीण. चव्वेचाळिसाव्या वर्षी, शाळेतून रशियन गेल्यावर, मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून इंग्रजी शिकले मी. तेव्हापासून मला कुणी विचारलं की इंग्रजी कुठे शिकलात, तर मानेपर्यंत गरम होतं.

खोडरबरने प्रश्नचिन्ह पुसलं. इंग्रज माणसाला कळेल की.

गुरुवार, ४ डिसेंबर

काम दिलं. एकसष्ट पानं, प्रत्येकावर माझा गरुडाचा शिक्का. लेओकादियाबाईंनी दोन्ही हातांत माझा हात धरून हलवला. दोमागावासाहेब पण आले होते, पुन्हा दातांसाठी. गेले चार गुरुवार येताहेत. बिचारे. चावायला त्रास नको म्हणून मी रव्याची खीर आणि कुस्करलेले बटाटे केले. मुकाट्याने खाल्लं सगळं. ताटलीतल्या माझ्या तळलेल्या कटलेटकडे मात्र फार उदास नजरेने बघत होते.

गुरुवार, १५ जानेवारी २००४

सहा आठवडे वही उघडली नाही. नाताळ छान गेला, मुलगी आली होती, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे, आणि लिहायला हात उचलत नाही.

लंडनहून पत्र आलं. तिथे संस्थेचं काम बघणाऱ्या मिस लॅथम म्हणून वकील आहेत, त्यांचं. दुकानदाराच्या वकिलांनी उत्तर दिलंय: तुमच्याच शपथबद्ध अनुवादात लिहिलंय की राय्मुंदचा हक्क २००२ मध्ये ‘कॅन्सल’ झाला. म्हणजे २००२ पर्यंत तो होता. म्हणजे १९९७ मध्ये त्याने जे विकलं ते त्याचंच होतं, आणि आमच्या अशिलाने ते रीतसर विकत घेतलं.

दोमागावासाहेबांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

“शब्दकोशात तसंच आहे,” मी म्हटलं.

“आहे.”

“पहिलाच अर्थ आहे.”

“हो. शब्दकोशाची चूक नाही.” मग सावकाश सांगायला लागले. “बघा, आमच्या कायद्यात हक्क दोन तऱ्हांनी जातो. एक म्हणजे तो विझतो, दिवा विझावा तसा. मुदत संपली, वापर थांबला. पण तोवर तो जळत होता, हे कुणी नाकारत नाही. दुसरं म्हणजे कार्यालय म्हणतं, हा हक्क मुळातच अवैध आहे. द्यायलाच नको होता, म्हणून कधी दिलाच गेला नाही असं समजा. राय्मुंदचं हे दुसरं झालंय. ज्याच्याकडे काही नव्हतंच, तो विकणार काय? संस्थेची सगळी केस त्या एका शब्दावर उभी आहे.”

“आणि मी तोच शब्द...”

“दोन्हीकडे खेचता येईल असा लिहिलात.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी चहा ओतायला उठले आणि कप भरून बशीत सांडेपर्यंत ओतत राहिले. त्यांनी उठून माझ्या हातातून किटली घेतली. प्रश्नचिन्हाचं मी त्यांना सांगितलं नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

सकाळी उठून पायी संस्थेत गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. विस्वा नदी कडेने गोठली होती, वाऱ्याने कान दुखत होते.

आत खिसणी यंत्र चालू होतं. पंधरा-वीस बायका, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर पोहायचे चष्मे, तरी गालांवर ओघळ. लेओकादियाबाई मुळं सोलत होत्या. मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चूक माझी आहे. आणि नुसती चूक नाही. मला शंका आली होती, मी खूण केली होती आणि विचारायची लाज वाटली म्हणून पुसली.

कुणीतरी यंत्र बंद केलं. 

लेओकादियाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “१९९२ मध्ये राय्मुंदने माझ्यापुढे कागद ठेवला होता. ‘सही करा, लेओकादियाबाई, काही नाही, लेबलाचं आहे.’ मला त्यातलं अक्षर कळलं नाही. विचारायची लाज वाटली, म्हणून सही केली.” त्यांनी सोललेलं मूळ टोपलीत टाकलं. “त्याच कागदावर तो पाकोळी घेऊन गेला. हे अकरा वर्षांत मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुम्ही सांगितलंत, म्हणून सांगते.”

खिडकीजवळची एक ठेंगणी बाई म्हणाली, “आम्हाला माहीत होतं की ते.”

“माहीत होतं? कधीपासून?”

“सही केलीस त्या दिवसापासून. तू तीन दिवस जेवली नव्हतीस.”

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीने मला स्टूल दिलं, दुसरीने गरम बीटाचं सूप. मला वाटलं होतं हाकलून देतील. घरी आले तेव्हा पिशवीत तीन बरण्या होत्या, आणि त्या कुणी टाकल्या ते कळलंच नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

दोमागावासाहेबांना मीच फोन करून म्हटलं, तो खोका आणाल का? दंतवैद्याकडे यायचं असलं तरच. म्हणाले, यायचंच आहे.

चार तास बसलो. त्यांना प्रश्नचिन्हाचं सांगितलं. ते हसलेबिसले नाहीत. खोक्यातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून दाखवलं. त्यावर १९७४ ची तारीख आणि लाल शाईत लिहिलं होतं: ‘इथे माझी चूक झाली. एका माणसाचा कारखाना गेला.’

“हे कार्ड सगळ्यात पुढे ठेवतो,” म्हणाले.

सुधारलेला अनुवाद तयार झाला. अडतिसाव्या पानावर आता ‘इनव्हॅलिड, पहिल्यापासूनच’ असं आहे. सोबत माझं निवेदन: आधीचा शब्द चुकला, चूक माझी. शिक्का मारला. जेवायला पातळ सूप केलं होतं. त्यांनी विचारलं, लोणच्याची काकडी आहे का? आणि एकामागून एक तीन काकड्या कडाकडा खाल्ल्या. इथला दंतवैद्य खरंच चांगला असला पाहिजे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दुकानदाराच्या वकिलांनी म्हटलंय की अनुवादिकेवर दबाव आणून शब्द बदलवलाय. तिला समक्ष प्रश्न विचारू द्या. नऊ मार्चला, लंडनला.

मी इंग्लंड कधी पाहिलेलं नाही. आयुष्यात इंग्रज माणसांशी बोलले असेन ती दोनदा, एकदा रस्ता सांगायला.

“तुम्ही जा ना,” मी दोमागावासाहेबांना म्हटलं. “कायदा तर तुम्हाला माहीत आहे.”

“मी संस्थेचा वकील. मी संस्थेच्याच बाजूने बोलणार, माझं कोण ऐकेल? शब्द तुमचा आहे, रेगिनाबाई. तुम्हालाच जावं लागेल.”

शनिवार, १४ फेब्रुवारी

गावभर लाल फुगे. आमच्या चर्चमध्ये संत व्हॅलेंटाइनचे अवशेष आहेत, म्हणून नगरपालिकेने आता दरवर्षी हा गोंधळ सुरू केलाय. चौकात मेणबत्त्यांचं हृदय काय, बँड काय. दोमागावासाहेब नेमके आजच आले, शनिवारी. दवाखाना आता शनिवारीही उघडा असतो म्हणे. बिचाऱ्यांना गर्दीतून वाट काढत यावं लागलं. चौकात कुणीतरी त्यांच्या हातात बदामाच्या आकाराचं मोठं बिस्किट कोंबलं होतं. ते त्यांनी मला देऊन टाकलं. दातांना कडक असणार.

मग त्यांनी समोरच्या वकिलाची भूमिका केली आणि दोन तास मला उलटसुलट प्रश्न विचारले, इंग्रजीत. मी सहा वेळा अडखळले. पण रडले एकदाच.

रविवार, ७ मार्च, बसमध्ये

अक्षर वेडंवाकडं येतंय. तोरुनहून निघालो, लेओकादियाबाई आणि मी. उद्या संध्याकाळी लंडन. दोमागावासाहेब स्टँडवर आले होते, थर्मास, सँडविच आणि छत्री घेऊन. उद्या आठ मार्च, महिला दिन, म्हणून फुलं पण आणली होती. लेओकादियाबाईंना एक कार्नेशन आणि मला ट्यूलिपचा गुच्छ. कार्नेशन संपली असतील दुकानात. आता बसमध्ये एवढा गुच्छ धरायचा कुठे? थर्मासच्या झाकणात पाणी घालून ठेवलाय.

लेओकादियाबाई बराच वेळ माझ्याकडे आणि फुलांकडे बघत होत्या.

“बाई, तुम्ही काटेकोर आहात खऱ्या,” म्हणाल्या, “पण फक्त कागदावर.”

म्हणजे काय, विचारलं तर खिडकीकडे वळून हसत बसल्या. जर्मनीची हद्द लागली तेव्हा त्यांनी पिशवीतून चेरीच्या दारूची छोटी बाटली काढली आणि म्हणाल्या, आता हे अहो-जाहो पुरे. थर्मासच्या कपातून एकेक घोट घेतला, गालाला गाल लावला. तेव्हापासून आम्ही रेगिना आणि लेओकादिया.

सोमवार, ८ मार्च

इंग्लंडच्या हद्दीवर, डोव्हर बंदरात, सगळ्यांना बसमधून उतरवलं. तिथला अधिकारी तरुण, झोपाळलेला. कशाला आलात? मी म्हटलं, व्यापारचिन्हाच्या सुनावणीला. त्याने आमचे हात बघितले, लेओकादियाचे विशेष करून. लाल, चिरा पडलेले.

“कामाला आलात का?”

मी लेओकादियाला सांगितलं. ती म्हणाली, “सांग त्याला, मला इथे कामाला वेळ नाही. घरी माझं काम पडलंय.”

पिशवी उघडायला लावली. बारा बरण्या. हे काय? लेओकादियाने झाकण फिरवलं आणि बरणी त्याच्या नाकाखाली धरली. “पुरावा,” ती म्हणाली. तो शब्द इंग्रजीत तिने बसमध्ये माझ्याकडून पाठ करून घेतला होता. त्याने वास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारच्या खिडकीतली बाई हसून हसून वाकली. पासपोर्टवर शिक्का मिळाला.

मंगळवार, ९ मार्च, लंडन

झालं. विसरायच्या आत सगळं लिहून काढते.

खोली साधीच होती, शिक्षकांच्या खोलीसारखी. सुनावणी अधिकारी पिकल्या केसांचे, हळू बोलणारे. मिस लॅथमने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. समोरचे वकील उठले. त्यांचं इंग्रजी इतकं सुंदर होतं की पहिला प्रश्न मी नुसता ऐकतच राहिले.

“श्रीमती शारेक, तुम्ही इंग्रजी किती वर्षं शिकवता?”

“शिकवत नाही. शिकते.”

“त्याआधी?”

“एकवीस वर्षं रशियन शिकवलं.”

“मग इंग्रजी कायद्यातले बारकावे तुम्हाला येतात असं म्हणता येणार नाही.”

“नव्हतेच येत. म्हणून चूक झाली.”

 मग त्यांनी माझे दोन्ही अनुवाद शेजारी शेजारी ठेवले.

“डिसेंबरमध्ये तुम्हाला ‘कॅन्सल’ बरोबर वाटला. जानेवारीत चुकीचा वाटायला लागला. मधल्या काळात एकच गोष्ट घडली. त्या शब्दाने तुमच्या गिऱ्हाइकाचं नुकसान होतंय हे तुम्हाला कळलं. खरं की नाही?”

“ते कळलं, हे खरं आहे.”

“धन्यवाद.” ते बसायला निघाले.

दोमागावासाहेबांनी बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. पण मी बोलले. “पण डिसेंबरमध्येही तो मला बरोबर वाटला नव्हता.”

ते वळले. मी सांगितलं. समासातलं प्रश्नचिन्ह, फोनपर्यंत जाणं, खोडरबर. कागदावर आता काही दिसत नाही, हेही सांगितलं. माझ्याकडे दाखवायला काही नाही.

“शंका होती, तरी शिक्का मारलात? आपल्या शपथेविरुद्ध?”

“हो.”

“का?”

इंग्रजी शब्द सापडेना. जो सापडला तो लहान मुलाचा होता. “मला लाज वाटली. विचारलं तर त्यांना कळेल की मला येत नाही.”

माझ्या मागे लेओकादिया बसली होती. तिला एक अक्षर समजत नव्हतं, पण तिने खुर्ची पुढे सरकवल्याचा आवाज आला.

मग अधिकाऱ्यांनी स्वतः विचारलं, “तुमच्या भाषेत तो शब्द काय सांगतो? कायद्याचा विचार करू नका. तुमच्या शब्दांत सांगा.”

दोमागावासाहेबांबरोबर पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. शाळाच आठवली. मी म्हटलं, “शाळेत एक मुलगा असतो. वर्ष संपतं, तो जातो, पटावरून त्याचं नाव निघतं. पण तो होता. त्याच्या परीक्षा खऱ्या. दुसरा मुलगा खोटा दाखला देऊन आत आलेला असतो. ते उघडकीला आलं की मुख्याध्यापक लिहितात, याचा प्रवेश झालाच नव्हता. मग तो चार वर्षं बाकावर बसला असला तरी त्याची एकही परीक्षा परीक्षा राहत नाही. या दोन गोष्टींना आमच्याकडे दोन शब्द आहेत. वॉर्साने दुसरा वापरला. मी इंग्रजीत एक ढगळ शब्द घातला, दोघांनाही होईल असा.”

त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, “धन्यवाद, श्रीमती शारेक. अगदी स्पष्ट आहे.”

बाहेर आल्यावर मला लेओकादियाने जिन्यातच बसवलं. “जिंकलो का?” तिने विचारलं. “माहीत नाही. मी बहुतेक स्वतःचा शिक्का घालवला.” “बरं,” ती म्हणाली, “मुळं सोलायला एक जागा रिकामी आहे.” मिस लॅथम आम्हाला दोघींना चहाला घेऊन गेली आणि तिने लेओकादियाकडून दोन बरण्या मागून घेतल्या. चहात दूध होतं. प्यायलो.

मंगळवार, ३० मार्च

दाढ ठणकतेय. म्हटलं, दोमागावासाहेब ज्यांच्याकडे जातात त्या डॉक्टरांकडे जावं, इतके चांगले आहेत तर. नाव त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, पण बाजाराजवळ दवाखाना तो एकच. गेले तर दाराला कुलूप. खालची फुलवाली म्हणाली, डॉक्टर मागच्या सप्टेंबरातच मुलीकडे श्चेचिनला राहायला गेले.

म्हणजे साहेब दुसऱ्या कुणाकडे जात असणार. विचारावं असं वाटलं, पण माणसाच्या दातांच्या चौकशा करणं बरं दिसत नाही. फुलवाली म्हणाली, “ते उंच साहेब ना, लांब कोटवाले? दर गुरुवारी माझ्याकडे फुलं बघतात, आणि न घेताच जातात.” विचित्रच आहे. दाढेला लवंग लावली.

गुरुवार, २९ एप्रिल

निकाल आला. दोमागावासाहेब लिफाफा न फोडताच पहिल्या बसने घेऊन आले. म्हणाले, संस्थेत जाऊनच उघडू, तुम्ही वाचा.

बायका हात पुसत गोळा झाल्या. मी शेवटचं पान आधी बघितलं आणि सांगितलं, लंडनची नोंदणी अवैध ठरली. पाकोळी आपली आहे. मग काय विचारता! कुणी झाकणं वाजवली, कुणी एकमेकींना उचललं. लेओकादिया उलट्या टोपलीवर बसली. मग म्हणाली, “सगळं वाच, पहिल्यापासून. आम्हाला वेळ आहे.”

मी उभी राहून तोंडी अनुवाद करत गेले. दोमागावासाहेब माझ्या खांद्यावरून इंग्रजी वाचत होते. नवव्या पानावर माझं नाव आलं. तो परिच्छेद मी झटकन उरकला: “अनुवादिकेची साक्ष ग्राह्य धरली आहे. पुढे...”

“रेगिनाबाई,” ते म्हणाले, “तिथे एवढंच नाही लिहिलेलं.”

“मी सारांश सांगितला.”

“शिक्क्याखाली सारांश चालत नाही.”

“काय लिहिलंय?” लेओकादियाने विचारलं. “तिच्याबद्दल काही वाईट आहे का?”

“ऐका की त्यांच्याकडूनच,” ते म्हणाले आणि एक पाऊल मागे सरकले.

मग वाचावं लागलं. सावकाश, एकेक शब्द जोखून, कारण त्यातला एकही सोपा नव्हता. ‘ही साक्षीदार मला प्रामाणिक वाटली. जे कुणालाही कधीच शोधून काढता आलं नसतं, ते तिने स्वतःविरुद्ध सांगितलं. ज्या अनुवादिकेला आपली शंका एवढी आठवते, तिच्या शब्दावर मी पूर्णपणे विसंबतो.’

खिडकीजवळची ठेंगणी बाई म्हणाली, “पुन्हा वाचा.”

पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा ‘पूर्णपणे’ला आवाज गेला. लेओकादियाने बाकीच्यांना दटावलं, “थांबा गं, तिला श्वास घेऊ द्या.” मी त्या सगळ्यांकडे बघत होते आणि मला एवढंच वाटत होतं की जानेवारीत इथे यायला निघाले, तेव्हा रस्त्यात मागे फिरले नाही, हे किती बरं झालं. फिरणार होते. पुलापाशी थांबलेही होते.

बस स्टँडपर्यंत दोमागावासाहेबांना सोडायला गेले. म्हणाले, उद्या शुक्रवार आहे. मी म्हटलं, हो. म्हणाले, उद्या मला इथे काहीच काम नाही, दातांचंही नाही. आलो तर चालेल का? मी म्हटलं, या की, कटलेट करते. बस सुटली तरी ते आत उभेच होते, बसायचं विसरून.

निकालाचा लेखी अनुवाद सोमवारपर्यंत द्यायचा आहे. आठ पानं झाली. आता नववं पान. ते वाक्य जसंच्या तसं लिहायचं, एक शब्द कमी नाही आणि एक जास्त नाही, आणि मग त्याखाली माझ्याच हाताने शिक्का मारायचा. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा ‘पूर्णपणे’ सुटला. आता तिसऱ्यांदा लिहिते.